शहाळे, माणकी आणि शरीरातील वीज

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत. गोव्यात त्या हातात फळांच्या पिशवीबरोबर बहुधा एखादे आडसरही असते. ताप असो, जुलाब असोत वा उन्हाने आलेली ग्लानी असो, शहाळ्याच्या पाण्याने माणसाला हुशारी येते हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे आणि तो खराही आहे. मात्र मूत्रपिंडे निकामी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या खाटेपाशी हेच शहाळे परिचारिका बाजूला ठेवायला लावते. आणणाऱ्याला वाईट वाटते. झाडावरून उतरवलेले, कोणतीही भेसळ नसलेले पाणी. ते अपाय काय करणार, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. डॉक्टरांकडून उत्तर मिळते ते बहुधा एका शब्दात, पोटॅशियम. या उत्तराने शंका मिटत नाही. पोटॅशियम तर शरीराला लागतेच. मग ते थोडे वाढल्याने माणसाचे हृदय थांबते म्हणजे नेमके काय होते?

याचे उत्तर जिवंत पेशीतील विजेत आहे आणि ते उत्तर हाती लागले ते प्रामुख्याने एका सागरी जीवाच्या कृपेने. गोव्याच्या मासळीबाजारात ज्याला माणकी म्हणतात आणि कोकणात म्हाकूल, तोच हा जीव.

शरीरात वीज आहे हे माणसाला दोनशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. इटलीतील बोलोन्या येथील लुईजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचे पाय धातूच्या स्पर्शाने झटकतात हे पाहिले आणि १७९१ मध्ये ‘प्राणिज विजे’चा सिद्धांत मांडला. त्यांचेच देशबांधव अलेस्सांद्रो व्होल्टा यांना तो पटला नाही. वीज बेडकात नाही, ती दोन भिन्न धातूंच्या संयोगातून येते, असे त्यांचे म्हणणे. आणि ते सिद्ध करण्याच्या खटपटीतून त्यांनी १८०० मध्ये जगातील पहिली विद्युत बॅटरी जाहीर केली. या वादात दोघांचेही थोडेथोडे खरे होते. पुढे फार दिवस मज्जातंतू म्हणजे शरीरातील तारा, अशी कल्पना रूढ राहिली. आजही शाळेतल्या मुलांना ती तशीच सांगितली जाते.

ही उपमा सोयीची आहे, पण तिने बराच घोटाळा केला. तारेतील विजेचा संदेश प्रकाशाच्या वेगाशी तुलना करावी अशा गतीने जातो. मज्जातंतूतील संदेशही तसाच क्षणार्धात जात असणार, त्याचा वेग मोजणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे, असे योहानेस म्युलर यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञालाही वाटत असे. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो वेग मोजून दाखवला, आणि तो भरला सेकंदाला तीस मीटरहूनही कमी. हा वेग विजेचा नव्हे, वेगवान मोटारगाडीचा झाला. अंधारात उंबरठ्याला पायाचे बोट आपटले, की ठेच लागल्याचे आधी कळते आणि खरी ठणकणारी कळ त्यानंतर, जवळजवळ सेकंदभराने, मस्तकात जाते. स्पर्शाची बातमी जाड तंतूंतून आणि ठणक्याची बारीक तंतूंतून जाते. त्या बारीक तंतूंतील वेग सेकंदाला मीटरभर, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढाच असतो. तारेत असे कधी घडत नाही. तेव्हा मज्जातंतूत जे काही धावते ते तारेतल्या विजेहून वेगळे असले पाहिजे.

ते वेगळेपण समजण्यासाठी एका पेशीकडे पाहावे. प्रत्येक जिवंत पेशीभोवती तेलकट द्रव्याचे अतिशय पातळ पटल असते. त्याची जाडी मीटरच्या अब्जांशाच्या पाच ते सात पट. पटलाच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे खारे पाणीच आहे, पण दोन्हीकडचे क्षार सारखे नाहीत. बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात, सोडियम भरपूर आणि पोटॅशियम अगदी थोडे. आत नेमके उलट. माणसाच्या रक्तात दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल सोडियम असते, तर पोटॅशियम केवळ साडेतीन ते पाच. पेशीच्या आत मात्र पोटॅशियम सुमारे १४० मिलीमोल. बाहेरचा समुद्र आणि आतली विहीर यांचे पाणी जणू मुद्दाम वेगळे राखलेले.

हे क्षार पाण्यात विरघळले, की त्यांचे कण विद्युतभारित होतात. त्यांना आयन म्हणतात. सोडियम आणि पोटॅशियम या दोन्हींच्या आयनांवर धन भार असतो. स्वस्थ बसलेल्या पेशीच्या पटलातील काही सूक्ष्म वाहिन्या पोटॅशियमला मोकळ्या असतात, सोडियमला जवळपास बंद. आत पोटॅशियमची दाटी असल्याने त्याचे काही आयन बाहेर निसटतात आणि जाताना धन भार घेऊन जातात. त्यामुळे आतली बाजू ऋण होते आणि ही ऋणता पुढच्या पोटॅशियमला मागे खेचून धरते. गर्दीचा बाहेर ढकलणारा जोर आणि विजेची आत ओढणारी ओढ यांची जिथे बरोबरी होते तिथे गाडी थांबते. मज्जापेशीत ही बरोबरी साधारण उणे ७० मिलीव्होल्टपाशी होते, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या विसाव्या भागाएवढी.

आकडा किरकोळ वाटतो. पण तो किती जाडीवर पडतो हे पाहिले तर चित्र बदलते. एवढ्या पातळ पटलावर ७० मिलीव्होल्ट म्हणजे मीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट. कोरड्या हवेतून ठिणगी पडायला मीटरला तीस लाख व्होल्ट पुरतात. आपल्या देहातील प्रत्येक पेशी असा ताण जन्मभर पेलत असते.

आत ऋणता का असते याचा बराच अचूक तर्क जर्मन शास्त्रज्ञ युलिउस बेर्नस्टाईन यांनी १९०२ मध्येच केला होता. संदेश जाताना पटल क्षणभर सगळ्याच आयनांना वाट करून देते आणि आतबाहेरचा फरक शून्यावर येतो, असेही त्यांनी मांडले. हे खरे की खोटे ते ठरवायचे तर मज्जातंतूच्या आत विद्युताग्र घालून मोजायला हवे. माणसाचा मज्जातंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातला. त्याच्या आत काय घालणार?

इथे माणकी मदतीला आली. संकट दिसताच ती अंगाच्या पिशवीत भरलेले पाणी एका नळीतून जोराने बाहेर फेकते आणि उलट्या दिशेने बाणासारखी निसटते. त्यासाठी पिशवीची भिंत सगळीकडून एकाच वेळी आवळली जावी लागते, म्हणजे आज्ञाही सगळीकडे झटपट पोहोचावी लागते. निसर्गाने तिला त्यासाठी विलक्षण जाड मज्जातंतू दिले आहेत, कारण तंतू जितका जाड तितका संदेश वेगाने जातो. या तंतूची जाडी अर्धा मिलिमीटर, क्वचित एक मिलिमीटरही भरते. आपण भांगाची रेषा ज्या केसांतून पाडतो त्याच्या कितीतरी पट जाड! ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये त्याचे महत्त्व शरीरशास्त्रज्ञांच्या नजरेस आणून देईपर्यंत अनेकांनी तो रक्तवाहिनी म्हणून सोडून दिला असावा. घरी माणकी साफ करताना पिशवी उभी चिरून आतून नीट पाहिली, तर दोन्ही बाजूंना एकेका गाठीतून चांदणीच्या किरणांसारखे पसरलेले पांढुरके धागे दिसतात. तेच हे.

१९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत पंचवीस वर्षांचे ॲलन हॉजकिन आणि एकवीस वर्षांचे अँड्र्यू हक्सले हा तंतू घेऊन बसले. तंतूतील द्रव किती दाट आहे ते पाहावे म्हणून हक्सले यांनी त्यात पाऱ्याचा थेंब सोडून पाहिला. तो खाली सरकेचना, कारण आत पाणी नव्हे, खळीसारखा गोळा होता. तो प्रयोग फसला, पण तंतू असा उभा टांगलेला पाहून त्यातून बारीक काचनळीचे विद्युताग्र आत सरकवता येईल हे सुचले. ते सरकवले, आणि संदेश जाताना आत काय घडते ते प्रथमच दिसले. ऋण विभव शून्यावर येऊन थांबत नव्हते. ते शून्य ओलांडून धन बाजूला चाळीस-एक मिलीव्होल्टपर्यंत उसळी मारत होते. बेर्नस्टाईन यांच्या सिद्धांतात या उसळीला जागाच नव्हती. दोघांनी एक छोटे टिपण ‘नेचर’ला धाडले. त्याच सुमारास महायुद्ध सुरू झाले. पुढची कित्येक वर्षे दोघेही युद्धकामात अडकले आणि उसळीचे कोडे तसेच राहिले.

युद्धानंतर ते सुटले. १९४९ मध्ये हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी दाखवले, की तंतूभोवतीच्या पाण्यातील सोडियम कमी केले की ही उसळीही खुजी होते. म्हणजे संदेश येताच पटलातील सोडियमच्या वाहिन्या उघडतात, बाहेर तुंबलेले सोडियम आत घुसते आणि आतली बाजू धन होते. हे सारे मिलिसेकंदभरात. त्यानंतर दोन गोष्टी घडतात. सोडियमच्या वाहिनीला आतून आणखी एक झडप असते, ती आपोआप मिटते. आणि पोटॅशियमच्या जादा वाहिन्या उघडून पोटॅशियम बाहेर पडते. विभव पुन्हा ऋण होते. ती आतली झडप मात्र पटलाची ऋणता पूर्ववत झाल्याखेरीज सुटत नाही. हा शेवटचा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. शहाळ्याचा प्रश्न पुढे त्यावरच येऊन ठेपणार आहे.

एका जागी झालेली उसळी शेजारच्या पटलाला चाळवते, तिथल्या वाहिन्या उघडतात, मग त्याच्या शेजारच्या. असा संदेश पुढे सरकतो. गवताला एका टोकाला लागलेली आग वाऱ्याविना पुढे जावी तसा. प्रत्येक काडी आपल्याच जळणावर पेटते. म्हणूनच तो तारेतल्या विजेपेक्षा संथ, पण लांबवर जातानाही क्षीण न होणारा.

हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये हे सारे गणिताच्या समीकरणांत बांधले. ती सोडवायची तर केंब्रिजचा संगणक त्या वेळी दुरुस्तीसाठी बंद. हक्सले यांनी हाताने फिरवायच्या यांत्रिक गणकयंत्रावर कित्येक दिवस मुठी फिरवून उत्तरे काढली, आणि कागदावर उमटलेली उसळी माणकीच्या तंतूत दिसलेल्या उसळीशी जुळली. १९६३ चे नोबेल पारितोषिक दोघांना जॉन एक्ल्स यांच्यासह मिळाले. हॉजकिन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट केली. टूथपेस्टची नळी पिळावी तसा तंतूतील गोळा छोट्या रुळाने पिळून काढला आणि रिकाम्या नळीत निव्वळ पोटॅशियमचे क्षारद्रावण भरले. तंतू पूर्वीसारखाच संदेश नेऊ लागला, तोही लाखांच्या संख्येने. जिवंतपणाचा आभास देणारी ही सारी हालचाल पटल आणि दोन्हीकडचे क्षार एवढ्यावर चालू शकते, हे त्यातून निर्विवाद दिसले.

या वाहिन्या प्रत्यक्ष कशा असतात हे कळायला आणखी काळ गेला. एर्विन नेहेर आणि बेर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये एकेका वाहिनीतून जाणारा प्रवाह मोजला. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये पोटॅशियमच्या वाहिनीची रचना दाखवली. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असूनही तो त्या वाहिनीतून का जात नाही, हे जुने कोडे तेव्हा उलगडले. पाण्यातला आयन स्वतःभोवती पाण्याचे वेष्टन बाळगून असतो. वाहिनीच्या अरुंद भागातील ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर असतात, की पोटॅशियमला ते वेष्टन उतरवूनही तसाच आधार मिळतो. सोडियम त्या मापात सैल पडतो.

एका संदेशाला किती सोडियम आत यावे लागते? माणकीच्या जाड तंतूत ते इतके थोडे, की बदल्यात बाहेर जाणारे पोटॅशियम आतल्या साठ्याच्या दहा लाखांत जेमतेम एक भाग असते. तरीही थेंबे थेंबे साठा ढळणारच. तो पूर्ववत करणारा पंप डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये शोधला, आणि तो सापडला खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंत. म्हणजे माणकीच्या टोपलीशेजारच्या कुर्लीच्या टोपलीत. हा पंप पेशीतील ऊर्जा खर्चून दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. माणसाचा मेंदू वजनाने शरीराचा दोन टक्के, पण विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के खातो. त्यातला मोठा वाटा असा पंप चालवण्यात जातो. स्काऊ यांना नोबेल मिळाले ते चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये.

मासळीच्याच संदर्भात केंडाचाही उल्लेख करावा लागेल. अंग फुगवणाऱ्या या माशाच्या अनेक जातींत, विशेषतः यकृतात आणि अंडाशयात, टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. ते सोडियमच्या वाहिनीचे तोंड बाहेरून बुचासारखे बंद करते. ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय लुळे पडतात आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. रुग्ण मात्र बराच वेळ शुद्धीवर राहू शकतो. यावर उतारा नाही. विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास देणे एवढाच उपाय. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही. दंतवैद्य हिरडीत टोचतात ते लिडोकेनही याच वाहिनीला अडवते, पण आतल्या बाजूने, थोड्या जागेपुरते आणि थोड्या वेळापुरते.

माणसाने मात्र वेगासाठी तंतू जाड करण्याचा माणकीचा मार्ग धरलेला नाही. तसे केले असते तर आपला पाठीचा कणा झाडाच्या खोडाएवढा लागला असता. त्याऐवजी आपल्या वेगवान तंतूंभोवती मायलिन नावाचे चरबीयुक्त वेष्टन गुंडाळलेले असते. मधल्या उघड्या फटींपाशीच उसळी घडते आणि संदेश एका फटीतून दुसरीकडे उडी घेत सेकंदाला शंभर मीटरहूनही वेगाने जाऊ शकतो. हे वेष्टन उसवले तर काय होते ते २०२५ च्या आरंभी पुण्यात अनेक कुटुंबांनी पाहिले. गुलेन बॅरी सिंड्रोममध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच चुकून मज्जातंतूंवर, बहुधा या वेष्टनावर, उलटते. धडधाकट माणसाचे पाय काही दिवसांत उचलेनासे होतात.

आता शहाळ्याकडे वळता येईल. पेशीच्या पटलावरील ऋणता आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियमच्या प्रमाणावर ठरते, हे वर आलेच. हृदयाच्या स्नायूत तर ती जवळजवळ त्यावरच ठरते. बाहेर ४ आणि आत १४० मिलीमोल असताना गणिताने हा आकडा उणे ९५ मिलीव्होल्ट येतो. बाहेरचे पोटॅशियम ८ झाले तर तो उणे ७६ होतो. आतल्या १४० मध्ये चारांची भर पडली असती तर काहीच बिघडले नसते. बाहेरच्या चारांत चारांची भर पडताच प्रमाण निम्म्यावर येते. ऋणता घटली की सोडियमच्या वाहिन्यांची ती आतली झडप नीट सुटत नाही. उसळी मंद आणि खुजी होते, हृदयातील संदेश रेंगाळू लागतो, ईसीजीच्या आलेखात टोकदार लाटा आणि मग पसरट आकृत्या दिसू लागतात. शेवटी आकुंचनाची आज्ञाच पोहोचत नाही.

शरीरातील पोटॅशियमचा सुमारे ९८ टक्के साठा पेशींच्या आत असतो. बाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून ते जेमतेम सव्वादोन ते अडीच ग्रॅम. मोठ्या शहाळ्यातील चारशे मिलीलीटर पाण्यात पाऊण ते एक ग्रॅम पोटॅशियम असू शकते, म्हणजे बाहेरच्या साठ्याचा एकतृतीयांश भाग एका पेल्यात. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. इन्सुलिनच्या इशाऱ्याने पेशींचे पंप त्यातले बरेचसे तातडीने आत ओढतात आणि उरलेले मूत्रपिंडे काही तासांत बाहेर टाकतात. जुलाबात पोटॅशियम निघून गेलेले असते, तेव्हा तर ते हवेच असते. ज्याची मूत्रपिंडे काम करत नाहीत, त्याच्याकडे ही दुसरी वाट बंद असते आणि पुढच्या डायलिसिसपर्यंत आलेले सारे साठून राहते. केळी, सुकी जर्दाळू, टोमॅटोचा रस आणि मिठाऐवजी वापरले जाणारे ‘कमी सोडियम’चे क्षार हेही याच हिशेबात येतात. त्या क्षारांत सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेले असते, आणि रक्तदाबासाठी ते वापरणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला हे क्वचितच कोणी सांगते.

पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलेला रुग्ण येतो, तेव्हा डॉक्टर आधी शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम तसूभरही कमी होत नाही; सोडियमच्या वाहिन्यांचे वर्तन मात्र काही मिनिटांत ताळ्यावर येते आणि थोडा अवधी मिळतो. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन देतात, ज्याने स्काऊ यांचा तो पंप जोराने चालू लागतो आणि पोटॅशियम पेशींत परत जाते. तेही तात्पुरतेच. शरीराबाहेर ते काढण्याचे काम अखेर डायलिसिसच्या यंत्रालाच करावे लागते.